संबंध नाही

घराच्या तळमजल्यावर तीन बटणं आहेत आणि वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत एक दिवा. तीनपैकी एकच बटण त्या दिव्याचं आहे, उरलेली दोन कशालाच जोडलेली नाहीत. खालून दिवा दिसत नाही. तुम्ही एकटे आहात. बटणं हवी तितक्या वेळा चालू-बंद करा, पण वर जायचं ते एकदाच. कोणतं बटण दिव्याचं, ते सांगा.

हे कोडं जगभर फिरलेलं आहे, नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा विचारलं जातं. त्याचं ठरलेलं उत्तर असं: पहिलं बटण चालू करून दहा मिनिटं थांबायचं, मग ते बंद करून दुसरं चालू करायचं आणि लगेच जिना चढायचा. दिवा लागलेला दिसला तर बटण दुसरं. विझलेला असेल तर त्याला हात लावायचा. गरम लागला तर पहिलं, गार लागला तर तिसरं. उत्तर सुंदर आहे, यात मला आजही शंका नाही. दिवा म्हणजे बघायची गोष्ट, असं धरून चाललेल्या मुलांना तो चाचपूनही बघता येतो हे कळतं, तेव्हा त्यांचे चेहरे उजळतात. ते चेहरे बघायला मला फार आवडायचं. त्या आवडीपायी माझ्या हातून जे घडलं ते लिहायचं आहे.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायचे. कोड्यांना वेळापत्रकात जागा नव्हती. कुणी रजेवर असलं की त्यांचा ऑफ तास मी मागून घ्यायचे आणि आठवी-नववीच्या मुलांना कोडी घालायचे. पुण्याला गेले की अप्पा बळवंत चौकातून कोड्यांची इंग्रजी पुस्तकं आणायचे. पॉल स्लोन यांचं १९९१ सालचं पुस्तक या प्रकारात गाजलेलं. तसल्या पुस्तकांत एक खेळायची पद्धत दिलेली असते. कोडं घालणाऱ्याला उत्तर माहीत असतं. बाकीचे त्याला प्रश्न विचारत जातात आणि त्याने तीनपैकीच एक उत्तर द्यायचं: हो, नाही किंवा संबंध नाही. तिसऱ्याचा अर्थ असा, की तुझा प्रश्न कोड्याच्या बाहेरचा आहे, तिकडे वेळ घालवू नकोस.

गावात तेव्हा भारनियमन जोरात होतं, २००५ सालच्या आसपासची ही गोष्ट. मी कोडं घातलं आणि हात वर व्हायला लागले. खोलीला खिडकी आहे का? दाराखालून उजेड येतो का? नाही, नाही. जिन्यातल्या दिव्याला असतं तसं वरही एक बटण आहे का? संबंध नाही. एकाने विचारलं, "बाई, लाइट गेलेले असतील तर?" वर्ग हसला, मीही हसून "संबंध नाही" म्हणाले. मग खिडकीकडच्या बाकावरून एक मुलगी उठली. तिचे वडील घरांच्या वायरिंगची कामं करायचे आणि सुट्टीत ती त्यांच्याबरोबर सामान धरायला जायची, हे मला माहीत होतं.

"बाई, मीटर कुठाय?"

"संबंध नाही."

"तसं नाही, बाई. खाली आहे का वर?"

"मीटरचा संबंध नाही, म्हटलं ना. बस खाली."

ती बसली. पुढच्या दहा मिनिटांत एका हुशार मुलाने गरम बल्बाचं उत्तर काढलं आणि वर्गाने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मीच वाजवायला सांगितल्या होत्या.

त्या मुलीला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. पुढे काही वर्षांनी आमच्या घरी विजेचं बिल अचानक फुगलं. एका वायरमनला बोलावलं. त्याने घरातला एकूण एक दिवा, पंखा बंद केला, फ्रिजची पिन काढली, मेन मात्र चालूच ठेवला आणि मीटरसमोर जाऊन उभा राहिला. काचेमागची ॲल्युमिनियमची चकती हळूहळू फिरत होती. "बघा बाई, घरात काही चालू नाही आणि मीटर पळतंय." मग तो एकेक किटकॅट फ्यूज काढत गेला. एक काढला, चकती चालूच. तो परत बसवून दुसरा काढला, तरी चालूच. परसातल्या बोअरच्या मोटरकडे जाणारी लाइन होती तिचा फ्यूज काढला आणि चकती थांबली. भिंतीतल्या वायरचं आवरण ओलीने खराब झालं होतं आणि तिथून वीज जमिनीत गळत होती. भिंत फोडायच्या आधी, जागेवरून न हलता, कुठली लाइन खराब आहे ते त्याने शोधलं होतं.

मी तिथे उभी होते आणि मला ती मुलगी आठवली. खाली तीन बटणं, वर एक दिवा, आणि मीटर कुठाय.

आता हिशेबच मांडते. त्या काळच्या मीटरच्या पाटीवर एका युनिटला चकती किती फेरे घेते ते छापलेलं असायचं. समजा ६०० फेरे. १०० वॉटचा बल्ब दहा तास जळला की एक युनिट होतं, म्हणजे दहा तासांत ६०० फेरे, तासाला ६०, मिनिटाला एक. घरातलं बाकी सगळं बंद करायचं, मीटरसमोर उभं राहायचं आणि एकेक बटण दाबायचं. ज्या बटणाला चकती हलेल ते दिव्याचं. पूर्ण फेरा होईपर्यंत थांबायचंही कारण नाही, चकतीच्या कडेवरची खूण सरकताना दिसतेच. कोड्याने वर जायची परवानगी एकदा दिलेली आहे. इथे एकदाही जावं लागत नाही.

पुढे विचार करत गेले तसं मला जास्त वाईट वाटत गेलं. कारण तिचं उत्तर नुसतं वेगळं नव्हतं, ते माझ्या उत्तरापेक्षा मजबूत होतं. वरचा बल्ब उडालेला असेल तर? माझ्या उत्तराप्रमाणे वागणारा माणूस वर जाईल, दिवा विझलेला आणि गार बघेल आणि बेधडक सांगेल, तिसरं बटण. ते चूक असू शकतं. मीटरसमोरच्या माणसाला मात्र तिन्ही बटणांना चकती ढिम्म दिसेल आणि वर जाताना तो नवा बल्ब घेऊन जाईल. वरती झिरोचा बल्ब असेल तर? तो नावालाच झिरो, सुमारे १५ वॉट घेतो आणि हाताला जेमतेम कोमट लागतो. दहा मिनिटांनी, जिना चढून गेल्यावर तो गरम होता की गार हे सांगायला हात सराईत हवा. आणि लाइट गेलेले असतील तर? तेव्हाही माझं उत्तर तिसरं बटणच सांगतं. म्हणजे ज्या मुलाला मी हसले होते त्याचा प्रश्नसुद्धा माझ्या उत्तराच्या वर्मावर बोट ठेवणारा होता. रोज सात-आठ तास वीज नसलेल्या गावात तो प्रश्न विचारणं हाच शहाणपणा होता, आणि त्याच गावात राहून मी तो गैरलागू ठरवला.

हे मला माहीत नसायला काही कारण नव्हतं. वॉट गुणिले तास भागिले हजार, ही युनिटची गणितं मी दर वर्षी फळ्यावर सोडवून दाखवायचे. घरचं बिल आणायला सांगून मुलांकडून मागच्या-पुढच्या रीडिंगची वजाबाकी करून घ्यायचे. मीटर मी शिकवत होते. पण ते बिलाच्या धड्यात होतं आणि कोडं कोड्याच्या तासात.

कार्ल डुंकर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने याच गोष्टीवर प्रयोग केले होते. त्याचं जर्मन पुस्तक १९३५चं, इंग्रजी भाषांतर १९४५ साली आलं. माणसाला एक मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेलं एक छोटं खोकं द्यायचं आणि मेणबत्ती दाराला उभी लावून दाखव म्हणायचं. उत्तर सोपं आहे: टाचण्या ओतून टाकायच्या, खोकं दाराला टोचायचं आणि मेणबत्ती त्यावर ठेवायची. पण खोक्यात टाचण्या भरलेल्या असल्या की अनेकांना ते सुचत नाही. तेच खोकं रिकामं करून शेजारी ठेवलं की जास्त जणांना सुचतं. खोकं टाचण्यांचं आहे हे एकदा मनात बसलं की ते फळीसारखं वापरता येईल हे दिसेनासं होतं. माझ्यासाठी मीटर बिलाने भरलेलं होतं. त्या मुलीच्या घरी ते रोजच्या कामाचं हत्यार होतं, तिने वडिलांना त्याच्यासमोर उभं राहून गळती शोधताना पाहिलेलं असणार. माझ्या वर्गात ते खोकं रिकामं दिसत होतं ते तिला एकटीला आणि मी तिला बस खाली म्हणाले.

दुसरी गोष्ट मला याहून जड जाते. त्याच वर्षांत मी शाळेच्या परिपाठात नील्स बोरची गोष्ट सांगायचे. ती बहुतेकांनी ऐकलेली असेल. भौतिकशास्त्राच्या परीक्षेत प्रश्न येतो की वायुभारमापक वापरून इमारतीची उंची कशी मोजाल. विद्यार्थी लिहितो, वायुभारमापकाला दोरी बांधून गच्चीवरून खाली सोडेन आणि दोरी मोजेन. परीक्षक शून्य द्यायला निघतो, दाद मागितली जाते, पुन्हा विचारल्यावर विद्यार्थी आणखी उत्तरं देतो: वरून टाकून पडायला लागलेला वेळ मोजेन, सावल्यांचं गुणोत्तर काढेन, दोरीला बांधून लंबकासारखा हलवेन, नाहीतर इमारतीच्या रखवालदाराला म्हणेन की उंची सांग आणि हे यंत्र तुला घे. शेवटी मी आवाज चढवून सांगायचे, तो विद्यार्थी म्हणजे नील्स बोर, ज्याला पुढे नोबेल मिळालं. मुलं खूश व्हायची.

ही गोष्ट बोरची नाही. ती लिहिली अलेक्झांडर कलांड्रा यांनी. ते अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे. १९६८ साली 'सॅटर्डे रिव्ह्यू'मध्ये त्यांचा लेख आला आणि पसरला. त्यात विद्यार्थ्याला नाव नाही. बोरचं नाव पुढे कुणीतरी चिकटवलं. मी ते तपासलं नाही आणि शेकडो मुलांना खरं म्हणून सांगितलं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने तपासायला हवं होतं.

पण खरी चूक त्या नावात नाही. ती गोष्ट मी कळकळीने सांगायचे, अपेक्षेबाहेरचं उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याची बाजू घेऊन सांगायचे, आणि वर्गात तसं उत्तर उभं राहिलं तेव्हा मी शून्य देणाऱ्या परीक्षकाच्या जागी होते. मला ते जाणवलंही नाही. त्या गोष्टीतला विद्यार्थी परदेशी, हजरजबाबी आणि पुढे नोबेल मिळवणारा होता. माझ्यासमोरची मुलगी वायरमनची होती आणि ती उत्तर देत नव्हती, फक्त मीटर कुठे आहे ते विचारत होती.

त्या वायुभारमापकाबद्दलही एक सांगण्यासारखं आहे, ते मी खूप उशिरा स्वतः करून पाहिलं. परीक्षकाला हवं असलेलं उत्तर म्हणजे खाली आणि गच्चीवर हवेचा दाब मोजायचा आणि फरकावरून उंची काढायची. जमिनीलगत दर अकरा मीटर चढलं की पारा साधारण एक मिलिमीटर उतरतो. तीन मजली शाळेसाठी हा फरक एका मिलिमीटरच्या आसपास. शाळेतल्या साध्या यंत्रावर वाचताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की उंची पाच-सहा मीटरने चुकते. दोरी मात्र चार बोटांपलीकडे चुकत नाही. म्हणजे मोजणीचा कस लावला तर ज्या उत्तराला शून्य मिळणार होतं ते त्या यंत्राने देता येणाऱ्या उत्तरांत पहिल्या नंबरचं आणि छापील उत्तर बरंच मागचं. मीटर आणि गरम बल्ब यांचंही तसंच झालं होतं. उत्तर माहीत असलं की त्याचा कस लावायची गरजच वाटत नाही, हे मला दोन्हीकडे दिसतं.

मी अशी का वागले, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. एक कारण सवयीचं. शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीची तयारी मी वर्षानुवर्षं करून घेतली. चार पर्याय, त्यातला एक बरोबर, एक गोल काळा करायचा. संख्यामालिकेतलं पुढचं पद, गटात न बसणारा शब्द. तिथे दुसऱ्या पर्यायासाठीही तर्क देणारी मुलं असायची आणि मी त्यांना सांगायचे, "तुझं खरं असेल, पण उत्तरसूचीत ब आहे." परीक्षेपुरतं ते बरोबर होतं, मुलांचे गुण वाचवायचे होते. पण ती उत्तरसूची मी कोड्यांच्या तासातही बरोबर घेऊन गेले, जिथे ती कुणी मागितली नव्हती. एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ साली अशा कोड्यांमागच्या विचारपद्धतीला नाव दिलं, तेव्हा त्यांचा सगळा भर होता एक चांगला मार्ग सापडल्यावरही दुसरे शोधत राहण्यावर. मी त्यांचं नाव घेऊन अगदी उलट करत होते.

दुसरं कारण सांगायला अवघड आहे, पण तेच खरं. उत्तर फक्त आपल्यालाच माहीत असणं मला आवडायचं. चाळीस मुलं अंधारात चाचपडताहेत आणि किल्ली आपल्याकडे आहे, हे सुख होतं. 'संबंध नाही' म्हणताना माझ्या आवाजात तो मालकीहक्क असायचा. त्या मुलीचा प्रश्न ऐकून घेतला असता तर किल्ली माझ्याकडे राहिली नसती, आणि माझ्या मनाने तो धोका ओळखला असावा, कारण दुसऱ्यांदा विचारल्यावर मी चिडले होते. एका साध्या प्रश्नाला चिडायचं कारण काय होतं?

त्यानंतर ती कोड्यांच्या तासाला गप्प असायची. मला ते दिसत होतं. मी ठरवून टाकलं होतं की तिला कोड्यांची आवड नाही.

माझ्या हातून बिघडलेलं आणखी एक कोडं लिफ्टचं. त्याबद्दल थोडंच लिहिते. लांबवलं तर मी स्वतःचीच समजूत घालायला लागेन. एक माणूस दहाव्या मजल्यावर राहतो. सकाळी लिफ्टने थेट खाली येतो. संध्याकाळी परतताना सातव्यापर्यंतच लिफ्टने जातो आणि पुढचे तीन मजले जिना चढतो. पाऊस असला तर मात्र थेट दहाव्यावर जातो. का? उत्तर: त्याची उंची फार कमी आहे, वरच्या बटणांपर्यंत हात पोहोचत नाही आणि पावसाच्या दिवशी हातात छत्री असते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याची उंची लहानपणीच वाढायची थांबली होती. मला ते रोज दिसत होतं आणि तरी कोडं घालताना तो माझ्या मनात आला नाही. उत्तर फुटलं तसा अख्खा वर्ग मागे वळून त्याच्याकडे बघायला लागला. त्याने वहीत मान घातली. मी पुढचं कोडं घातलं. आता काही बोललं तर त्याला जास्त लाजल्यासारखं होईल, असं मी मनाशी म्हणाले. त्यात माझी सोयही होती.

पुढे तो मला भेटला, नोकरीला लागला होता. मी त्या दिवसाबद्दल माफी मागितली. "आठवतंय, बाई," एवढंच म्हणाला आणि माझ्या तब्येतीची चौकशी करायला लागला. मला त्याहून जास्त काही मिळायचा हक्कही नव्हता.

२०१६च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले आणि खुजेपणा त्यात स्पष्टपणे आला. त्याबद्दल वाचताना मला ते कोडं पहिल्यांदा नीट दिसलं. त्या माणसात काही कोडं नाही. कुणीतरी बटणं त्याच्या हाताच्या वर बसवली आणि तो रोज तीन मजले चढतो, याचा कुणाला राग येत नाही, याचं कोडं पडायला हवं होतं. नव्या स्टेशनांवर, इस्पितळांत लिफ्टची बटणं चाकाच्या खुर्चीत बसलेल्याच्या हाताला येतील इतकी खाली, आडव्या पट्टीवर असतात. ते कोडं मी आता घालत नाही. घातलंच तर उत्तर आधी सांगते आणि विचारते, की पाऊस नसतानाही तो दहाव्यावर पोहोचेल यासाठी काय काय करता येईल. मुलं काठी सांगतात, स्टूल सांगतात, मग कुणीतरी बटणं खाली घ्या म्हणतं. एकदा एका मुलीने म्हटलं की त्याला दहावा मजला विकून सातवा घ्यायला सांगा, आणि त्यावर दुसरीने तिला विचारलं, "त्यानेच का बदलायचं?" त्यावर अर्धा तास वाद झाला.

ती वायरमनची मुलगी मला अजून भेटलेली नाही. दहावीनंतर ते कुटुंब गाव सोडून गेलं, तिच्या वर्गातल्या मुलींनाही पत्ता नाही. म्हणून तिला सांगायचं ते राहून गेलं आहे.

निवृत्तीनंतर मी गावातल्या वाचनालयात शनिवारी दुपारी मुलांना घेऊन बसते. तिथे बल्बचं कोडं मी पहिल्यांदा घातलं तेव्हा पुन्हा एक चूक केली. २०१५च्या जानेवारीत 'उजाला' योजना आली, घरोघरी ९ वॉटचे एलईडी बल्ब गेले, आणि मी मोठ्या खात्रीने सांगितलं की आता हे कोडं मेलं, एलईडी गरम होत नाही. एक मुलगा घरी गेला, बल्ब पाऊण तास लावून ठेवला आणि पुढच्या शनिवारी येऊन म्हणाला की वरचा पांढरा गोळा कोमटच आहे, पण खालचा मानेचा भाग चांगला तापतो. त्याचं बरोबर होतं. जुन्या बल्बमध्ये विजेच्या पाच-सात टक्क्यांचाच उजेड व्हायचा, बाकीची उष्णता; एलईडी त्याच्या कितीतरी पुढे, पण त्यातही निम्म्याहून जास्त वीज उष्णताच होते आणि ती मागच्या बाजूने बाहेर पडते. हात कुठे लावायचा एवढंच बदललं होतं. मी न तपासता, पुन्हा एकदा, दार लावून टाकलं होतं.

आता खेळात तीन उत्तरांना मी चौथं जोडलं आहे: "मला कळलं नाही, का विचारतोस ते सांग." 'संबंध नाही' म्हणायचा अधिकार मी काढून घेतलेला नाही, पण तो मुलांकडे दिला आहे. प्रश्नाचा संबंध आहे की नाही ते विचारणाऱ्यानेच शेवटी सांगायचं.

मध्यंतरी मी त्यांना मीटरचं उत्तर सांगितलं, ते कुणाचं आहे तेही सांगितलं. चकतीची मीटरं आता दिसत नाहीत, पण नव्या मीटरवर बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती वेळा ते पाटीवर असतंच. समजा ३२००. मग ९ वॉटच्या बल्बला तासाला एकोणतीसच्या आसपास, म्हणजे दोन मिनिटांना एक. एका मुलाने लगेच अडवलं, की घरात फ्रिज चालू असेल तर दिवा आधीच लुकलुकत असणार. दुसरा म्हणाला, फ्रिज बंद करा. तिसरीने सांगितलं की त्यांच्या फ्रिजमध्ये आजोबांचं इन्सुलिन असतं, त्यांच्याकडे फ्रिज बंद करायची परवानगी नाही. मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. १५० वॉटचा फ्रिज मिनिटाला आठ वेळा लुकलुकवतो, दहा मिनिटांत ऐंशी. त्यात बल्ब मिळवला तर दहा मिनिटांत चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी. मोजताना डोळा चुकला तर बल्ब हरवला. इतका वेळ न बोललेल्या एका मुलीने विचारलं, "बाई, फ्रिजचा कॉम्प्रेसर आपोआप बंद होतोच ना मधे मधे?"

मी तिला विचारलं, का विचारतेस ते सांग. तेव्हा ती उठून फळ्याजवळ आली आणि तिने माझ्या हातातला खडू मागितला.